कंपनी फिटिंग

२ फेब्रुवारी, सोमवार

टकळीला रेडिओवर घेतलं! बाकीचं मागाहून, आधी हे.

रेडिओ म्हणजे आपल्या भागापुरतं छोटंसं केंद्र आहे, पण म्हणून काय झालं? दर शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं माझी लेक बोलणार. कार्यक्रमाचं नाव ‘रस्त्याची खबर’. कुठला रस्ता खोदलाय, कुठला पूल बंद आहे, कुठून वळसा घालावा, हे सगळं गाडीवाल्यांना सांगायचं. चार शुक्रवार बघणार आणि जमलं तर कायम ठेवणार. पहिला कार्यक्रम सत्तावीस तारखेला. केंद्राने तिला डायऱ्या दिल्या, त्यातली ही एक तिने माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “बाबा, डिझेल आणि किलोमीटर सोडून कधीतरी दुसरंही काही लिहा.” म्हणून लिहितोय.

टकळी हे नाव मीच ठेवलं. बोलायला लागली तेव्हापासून पोरीची टकळी म्हणून थांबली नाही. झोपेत बोलायची, नळाशी बोलायची, बंद दाराशी बोलायची. आणि गंमत बघा, आता बोलण्याची नोकरी लागायची वेळ आली तर घरात पुटपुटायला लागलीय. जेवताना एकेक गोष्ट दोनदा विचारावी लागते. मी म्हटलं, “बाई गं, माइकसमोर तरी तोंड उघड.” ती हसली आणि आईकडे बघितलं. आईने भाजी वाढली.

मी मनाशी ठरवलंय, पहिला कार्यक्रम मी पिकअपमध्ये बसून ऐकणार. कार्यक्रम रस्त्यावरच्या माणसांसाठी आहे आणि या घरात रस्त्यावरचा माणूस मीच. शिवाय निम्म्या खबरा तिला मीच पुरवतो. खाणीजवळचा रस्ता खचलाय हे सरकारच्या आधी मला कळलं होतं.

अडचण एकच. गाडीचे स्पीकर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी घेतली तेव्हापासूनचेच स्पीकर आहेत, कंपनी फिटिंग. दोन दारांत दोन. पिकअप बनवणारे लोक स्पीकर बसवतात ते केवळ भोक रिकामं दिसू नये म्हणून. गाणं लागलं तर गाणं आहे एवढं कळतं. पण कोणी बोलायला लागलं की तोंडात घास ठेवून बोलतोय असं वाटतं. पुरुष असला तर निदान अर्धं समजतं. बाई बोलत असली की नुसती गुणगुण. टकळी यातून बोलली तर मला काय कळणार, कपाळ?

ही म्हणते, “मला तर सगळं स्वच्छ ऐकू येतं.” मी म्हटलं, तुला कशातही सगळं स्वच्छच दिसतं. तर म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं.” आता यात नाचण्याचा काय संबंध? दिवाळखोर स्पीकर आहेत आणि ही मला म्हणी ऐकवते. याआधीही तिने दोनदा माझ्या कानांचा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा मी भडकलो होतो. तेव्हाच सांगून टाकलं होतं की माझे कान कंपनी फिटिंग आहेत, अजून ओरिजिनल, एक पार्ट बदललेला नाही. त्यानंतर तिने विषय काढला नाही.

पण बायको गुणाची आहे, हे खोटं कशाला बोलू. दोन महिने झाले, शिवणाचं काम अर्ध्यावर ठेवून माझ्याबरोबर खेपांना येते. घरी कंटाळा येतो म्हणते. शेजारी बसते, माझा फोन तीच घेते. गाडी चालवताना फोन घेऊ नये म्हणते आणि ते खरंच आहे. काही सांगायचं असेल तर आधी दंडाला हात लावते, मग बोलते. लग्न झालं तेव्हा एवढी माया नव्हती. या वयात ती येते हे माझं नशीब.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज फजितीची कमाल.

ही दात दाखवायला गेली होती, मी एकटाच. फोन आला खुर्चीशेठचा. समारंभांना खुर्च्या भाड्याने देतो, माझ्या निम्म्या खेपा त्याच्याच असतात. म्हणाला, आठ खुर्च्या उचला आणि नाट्यगृहामागच्या हॉलवर पोचवा. मला वाटलं, आठ खुर्च्यांना पिकअप कशाला, रिक्षा चालली असती. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. गोदामातून आठ खुर्च्या मोजून घेतल्या, नीट बांधल्या, पोचवल्या.

हॉलमध्ये बघतो तर ही गर्दी! सगळे निवृत्त लोक, कुठल्यातरी संघाची सभा. भिंतीला टेकून उभे, काठ्या टेकवून उभे. आठ खुर्च्या उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची पेन्शन पळवली. हव्या होत्या साठ! परत गेलो, उरलेल्या भरल्या, धापा टाकत आलो. तोवर एका आजोबांनी पहिल्या खुर्चीवर झोप काढली होती.

शेठ स्वतः हॉलवर आला होता. मला वाटलं, आता गेलं हे काम. पण ओरडला नाही. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काय मालक, घरी सगळं बरं आहे ना?” मी म्हटलं, फोनमध्ये खरखर फार येते. तो म्हणाला, “हो हो, फोनच भंगार झालेत.” दुसरा कोणी असता तर त्याने मला दारातून हाकललं असतं. शेठचं मन मोठं.

११ फेब्रुवारी, बुधवार

स्पीकरचं काम सुरू करायचं ठरलं. हिची अट एकच, या महिन्यात टायर घ्यायचेत तेव्हा नवीन काही आणायचं नाही, जुन्यात भागवायचं. मंजूर.

गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवणारा भोंग्या ओळखीचा आहे. त्याच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या काचा गल्लीभर थरथरतात. त्याला म्हटलं, “मला ठणाणा नको. मला माणसाचं बोलणं ऐकू यायला हवं.” त्याला फार वाईट वाटलं. असं गिऱ्हाईक त्याला आजवर मिळालं नव्हतं. पण टकळीचं सांगितल्यावर एकदम खुलला. “ताई रेडिओवर? मग काका, जोडणीचे पैसे घेतले तर नाव बदला माझं.”

त्याच्याकडे अपघातात गेलेल्या एका मोटारीचे स्पीकर पडून होते. गाडी गेली पण स्पीकर वाचले. ते द्यायला तयार झाला. आभार कसे मानू कळेना, म्हणून त्याचा चहा मी पाजला आणि माझाही त्याने.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज दारांची आतली पॅनेलं काढली. हँडलखाली एक स्क्रू लपवलेला असतो, तो सापडेपर्यंत दोन क्लिपा मोडल्या. कंपनीचा स्पीकर बाहेर आला तो कागदाचा! पाण्यात भिजून वाळलेला, कडेला फाटलेला. मी हिला दाखवला. म्हटलं, “बघ! कोणाचं अंगण वाकडं?” तिने तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, “हो बाई, हा फाटलाय खरा.” एवढं पटकन ती कधी माघार घेत नाही.

मोटारीचे स्पीकर भोकापेक्षा मोठे. सुताराने प्लायवूडच्या तुकड्यांतून दोन कड्या कापून दिल्या, अगदी गोल. दाराचा पत्रा खडखडतो, म्हणून छताची गळती बंद करायची काळी चिकटपट्टी आतून सगळीकडे लावली. ती चिकटवताना बोटं एकमेकांना चिकटली आणि हिने रॉकेलने सोडवली. काचेवरून पाणी आत येतं, तर स्पीकरवर आडोसा म्हणून जुन्या छत्रीचं कापड लावलं. एवढी काळजी तर मी माझ्या छातीची घेत नाही.

रात्री टकळी आली, पत्र्यावर बोटाने टकटक केली. पूर्वी डबा वाजायचा, आता लाकूड वाजल्यासारखं वाजलं. ती काहीतरी म्हणाली. मी हसून मान हलवली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शेठला नवीन खूळ लागलंय. खुर्च्यांचे आकडे विसांत सांगतो. “दोन वीस उचला,” “तीन वीस आणि वर दहा.” आमची आत्या अशी अंडी मोजायची. मी विचारलं, “शेठ, हे काय आता?” म्हणाला, “हिशोबाला सोपं पडतं.” मोठ्या माणसांच्या लहरी. पण मलाही सोपंच पडतं, तेव्हा आपली तक्रार नाही.

वायर जोडताना भोंग्याने एक युक्ती दाखवली. घड्याळाचा सेल स्पीकरच्या दोन तारांना टेकवायचा. पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा लागला तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. भोंग्या म्हणाला, “नवराबायकोसारखं.” ही गाडीत बसली होती. म्हणाली, “आमच्यात एकच उलटा लागलाय, पण चाललंय.” भोंग्या किती हसला! मला पहिल्यांदा कळलं नाही, तिने परत सांगितलं तेव्हा मीही हसलो.

इंडिकेटरची टिकटिक बंद पडलीय तीही त्याला बघायला सांगितली. दिवा लागतो पण आवाज नाही. त्याने लावून बघितला, कान दिला आणि म्हणाला, “हल्ली हळूच असते काका.” माझी गाडी हल्लीची नाही हे त्याला सांगायचं राहिलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काम झालं. काय आवाज! भरदार, उबदार, दाराला छाती फुटल्यासारखा. निवेदक पुरुष होता, त्याचा शब्द न् शब्द कळला. मग एक बाई बोलायला लागली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गुणगुण.

भोंग्या म्हणाला, त्याला उपाय ट्विटर. म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढे छोटे स्पीकर, बारीक आवाजासाठी. काचेच्या दोन्ही कडांना बसवले. चालू केले. मी म्हटलं, “जोड की.” म्हणाला, “जोडलेत.” मी कान लावला. काही नाही. “अरे, वाजत नाहीत हे.” त्याने तारा सोडून पुन्हा जोडल्या, सेल लावला, दुसरी जोडी आणून बसवली. काही नाही. बिचारा घामाघूम झाला. ही गाडीतून उतरून त्याच्याशी बाजूला काहीतरी बोलली. तो परत आला आणि गुमान बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आता मात्र थोडं उजाडल्यासारखं झालं. पूर्ण नाही, पण बाई बोलतेय आणि हवामानाचं बोलतेय एवढं समजलं. मी खूश! भोंग्याचं तोंड मात्र वाकडं झालेलं, डोळे मिटलेले. विचारलं तर म्हणाला, दाढ दुखतेय. दाढ दुखत असताना माझ्यासाठी एवढा राबला. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

टकळीला गाडीत बसवून आवाज ऐकवला. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. आनंदाने असं करतात का हल्ली? मग मला मिठी मारली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. घरात परीक्षेची हवा आहे. टकळी खोलीत फेऱ्या मारत वाचतेय. सकाळी मी विचारलं, नक्की किती वाजता? ती दारात पाठमोरी बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, आठ वाजता, विसरू नका. मी काय विसरतोय!

केंद्रात एका माणसाला बरोबर नेता येतं, तर ही जाणार. काचेआडून का होईना, तिला बोलताना बघणार. मी एकटा गाडीत. उद्या शेठची परगावची खेप आहे, ती उतरवून परत येताना बरोबर वेळ होईल. रेकॉर्ड करून ठेवू का असं हिने विचारलं. मी म्हटलं, शिळं कशाला ऐकू, मी ताजं ऐकणार. एवढी मेहनत उगाच केली का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारीच दोघी नटूनथटून तयार. पाचला निघाल्या. आठच्या कार्यक्रमाला पाचपासून काय करणार तिथे? पण बायकांना सगळीकडे आधी पोचायची हौस. मी काही बोललो नाही.

खेप उतरवली. उजेड असेपर्यंत रमतगमत आलो. पेट्रोल पंपापुढे मोकळी जागा आहे तिथे गाडी लावली. काचा बंद केल्या, आरसा पुसला, शर्टाचं वरचं बटण लावलं. कोणासाठी, देव जाणे. आठ वाजले. रेडिओ लावला तर गाणी. वाटलं उशीर झाला असेल, थोरामोठ्यांचं भाषण लांबलं असेल. साडेआठ. गाणी. केंद्र चुकलं म्हणून बटण पुढेमागे फिरवलं. फोनवर हिचे चार फोन येऊन गेले होते. खिशात होता, कळलं नाही.

घरी आलो. टेबलावर केक, शेजारची मंडळी येऊन गेलेली. टकळी दारात आली, डोळे चमकत होते. “कसं झालं, बाबा?”

मी म्हटलं, “अगं, लागलंच नाही. रद्द झालं का? आठला नुसती गाणी.”

तिने दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन.

रडली नाही. चिडलीही नाही. मला केक कापून दिला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हिला स्वयंपाकघरात दाराआड उभी केली आणि म्हटलं, “माझ्याकडे न बघता बोल. साठ म्हण, सात म्हण, आठ म्हण. वाटेल त्या क्रमाने.”

ती बोलत गेली. मी इकडून आठ, आठ, आठ म्हणत गेलो. मग ती दाराआडून बाहेर आली तर पदर डोळ्यांना.

म्हणजे माझ्यापुरता स गेलाय. कधी गेला माहीत नाही. श असेल, फ असेल, आणखी कोण कोण गेलं असेल. साठ माणसं भिंतीला टेकून उभी राहिली ती त्या स पायी. आणि लेक सात वाजता बोलून गेली, तीही.

ही म्हणाली, “अहो, मी सांगितलं होतं दोनदा. तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. मग मी ठरवलं, भांडून उपयोग नाही, बरोबर राहावं.” खेपांना येते ती कंटाळ्याने नाही. मागून हॉर्न वाजला तर मला कळत नाही म्हणून येते. दंडाला हात लावते तो मी तिच्याकडे बघावं म्हणून. मी आपला मायेचा हिशोब लावत बसलो होतो. तसा तो हिशोब चुकलाही नाही.

तिला म्हटलं, “कालची वेळ तरी मला कागदावर लिहून द्यायचीस.” म्हणाली, “ती माझी चूक झाली हो. सात हा शब्द तुम्हाला दगा देईल हे माझ्या डोक्यात आलं नाही.” तिची चूक! कान माझे आणि माफी ती मागते.

डायरी मागे जाऊन वाचली. पानोपानी मी लोकांचे आभार मानलेत आणि प्रत्येक ठिकाणी कारण चुकीचं लिहिलंय. लाज वाटली. आधी लाजच वाटली, आणि खूप रागही आला, सगळ्यांनी मिळून आपल्याला लहान मूल केलं म्हणून. दुपारपर्यंत कोणाशी बोललो नाही. मग राग ओसरला. एवढी माणसं एका माणसाचं मन राखायला धडपडत होती, त्यांच्यावर किती वेळ रागावणार?

२ मार्च, सोमवार

सगळ्यांचे आभार नव्याने मानायला निघालो.

भोंग्याला विचारलं, “खरं सांग. ट्विटर वाजत होते?”

तो जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, “वर बघून बोल, मला तोंड दिसलं पाहिजे.”

“वाजत होते काका. पहिल्या जोडीपासून वाजत होते.”

“आणि दाढ?”

“दाढ ठणठणीत आहे. कान किटले होते माझे. तुमच्या गाडीत बसून ट्रॅफिक पोलिसाची शिट्टी ऐकल्यासारखं होतं.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“काकू म्हणाल्या, त्यांचं त्यांना कळू दे, दुसऱ्याने सांगितलं की ते चिडतात.” मग म्हणाला, “आणि मला वाटलं, मीच चुकत असेन. तुम्ही एवढ्या खात्रीने सांगत होतात.”

मी त्याला पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच हात ठेवून उभा राहिलो. त्याने बारीक आवाजाचं बटण पुन्हा जागेवर आणून दिलं. म्हणाला, काकूंना बसवेनासं झालं असेल गाडीत. झालंच असेल. आठवडाभर बसली, चकार शब्द काढला नाही.

शेठकडे गेलो. म्हटलं, “शेठ, विसांचा हिशोब कशासाठी ते कळलं मला.” तो गडबडला. “तसं काही नाही मालक, आमच्याकडे जुनी पद्धत…” मी म्हटलं, “पद्धत चांगली आहे. चालू ठेवा.” तो म्हणाला, “ठेवतो. पण फोन नको, आता लिहूनच पाठवत जाईन.” काम काही सुटलं नाही. निघताना त्याने मला गादीच्या रुंद खुर्चीवर बसवलं, जी तो कोणाला देत नाही.

४ मार्च, बुधवार

कानांची तपासणी. एका लहान खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. जाड टूं आले, मी बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडे बघितलं तर तपासणाऱ्या बाई आपलं काम करत होत्या. म्हणजे टूं येत होते. मी बटण हातात धरून बसून राहिलो. तेवढ्या वेळात एकदा भीती वाटली, खरीखुरी. हिचा आवाजही असाच एक दिवस जाणार का?

बाई समोर बसून, तोंड दाखवून, सावकाश बोलल्या. त्यांना असं बोलायचं वळण आहे. वर्षानुवर्षं खिडकी उघडी, इंजिनाचा आवाज, त्यावर मोठ्याने लावलेली गाणी, याने बारीक आवाज आधी जातात. गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने पुष्कळ भागतं आणि आहे ते जपता येतं. यंत्र मोजून मापून यायला काही आठवडे. या शुक्रवारी नाही मिळणार, हे मी विचारून घेतलं.

मी त्यांना म्हटलं, “म्हणजे कंपनी फिटिंगवर भागणार नाही, बाहेरून बसवावं लागणार.” त्या हसल्या. हीसुद्धा हसली, आणि ते मला सबंध ऐकू आलं, कारण तिचं हसणं पहिल्यापासून जाड आहे.

६ मार्च, शुक्रवार

आज ही केंद्रात गेली नाही. टकळीच म्हणाली, “आई, तू बाबांबरोबर बस.” निघताना पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “बोटं दाखवू का परत?” मी म्हटलं, “चालती हो.”

घरासमोरच गाडी लावली. सातच्या आधीपासून दोघं आत. वरचा दिवा लावला, म्हणजे मला हिचं तोंड दिसेल. ही सीटवर मांडी घालून माझ्याकडे वळून बसली. ठरलं असं होतं की टकळी एक वाक्य बोलणार आणि ही ते मला सांगणार. रेडिओ लावला आणि सवयीने मी आवाज वाढवला.

“कमी करा, कमी,” ही म्हणाली. “मला नीट ऐकू येऊ दे. माझ्या आवाजावर तिचा नको.”

प्लायवूड, छत्री, चिकटपट्टी, ट्विटरच्या दोन जोड्या, सगळं करून शेवटी आवाज कमी केला. मला बोलण्याची नुसती गुणगुण राहिली. पण ती कोणाची आहे हे माहीत होतं.

“नमस्कार म्हणतेय,” ही म्हणाली. “खाणीकडचा रस्ता अजून बंद आहे म्हणतेय. मोठ्या गाड्यांनी धरणावरून जावं. ही बातमी आम्हाला एका अनुभवी चालकाने दिली म्हणतेय. अहो, तुम्ही!” मी म्हटलं, “कळलं, पुढचं सांग.” “पुलाची एक बाजू सुरू झाली. दूधगाड्यांनी पहाटे जपून जावं, धुकं आहे.” सांगता सांगता ही टकळीसारखीच बोलायला लागली, तशीच मान उडवत, तशीच शेवटचा शब्द लांबवत. मला एकाच वेळी दोघी दिसत होत्या.

मग ती थांबली.

रेडिओची गुणगुण चालू होती, पण ही काही सांगेना. माझ्याकडे तोंड होतं पण नजर स्पीकरवर. ओठ जरासे उघडे. एकदा हसली. मग भुवया वर गेल्या. मग तिने हात छातीवर ठेवला आणि तसाच ठेवला. सांगायचं आहे हे ती साफ विसरली होती. मी गाडीत आहे हेच विसरली होती.

हल्ली ज्याला त्याला “काय? काय म्हणाली?” असं विचारत आलेला माणूस मी. आज विचारलं नाही. तिचा चेहरा बघत बसलो. इतका आनंद एका चेहऱ्यावर मी पोरगी जन्मली त्या दिवशी बघितला होता आणि त्यानंतर आज. मी मनात किती जणांचे आभार मानले सांगता येत नाही. देवाचे मानले, भोंग्याचे मानले, ज्यांनी स्पीकर बनवले त्यांचेही मानले, कारण बाकी काही असो, ते हिला नीट ऐकू येत होते.

गाणं लागलं. ही भानावर आली आणि तिने कपाळावर हात मारला. “अगं बाई! तुम्हाला सांगायचं राहिलंच की सगळं!”

“राहू दे,” मी म्हटलं. “चांगली बोलते आपली पोरगी.”

ती डोळे पुसत म्हणाली, “फार चांगली बोलते हो.”

एवढं मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.